‘मुंबईचा जावई’ : जागा नसलेल्या घराचा सिनेमा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुने मराठी चित्रपट दाखवण्यात आले. पहिल्या चित्रपटाआधी झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीसाहेब, महिला मंडळाच्या सगळ्या ताई-वहिनी, आणि मागच्या रांगेत आईवडिलांच्या आग्रहाखातर बसलेली तरुण मंडळी, सर्वांचं स्वागत. कल्चरल कमिटीने मला वीस मिनिटं दिली होती. आत्ता येताना खजिनदारांनी हातानं पंधराची खूण केली. पैसे असोत की मिनिटं, कात्री लावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

कुठला सिनेमा दाखवायचा यावर आपल्या ग्रुपवर किती मेसेज पडले ते तुम्ही पाहिलंच आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ला सर्वांत जास्त मतं होती. तो दाखवूच, पुढच्या महिन्यात. पण तो सिनेमा आपल्याला इतका पाठ आहे की आवाज बंद करून लावला तरी चालेल, संवाद हॉलमधूनच येतील. म्हणून मी म्हटलं, पहिला मान ‘मुंबईचा जावई’ला द्या. त्यावर ग्रुपवर शांतता. मग दोघातिघांनी विचारलं, “हा कुठला?” मी उत्तरादाखल फक्त ‘का रे दुरावा’ एवढे तीन शब्द टाकले. लगेच अंगठे, बदाम, सगळं सुरू झालं. बरीच जणं म्हणाली, “अहो, ती झी मराठीवरची मालिका!” मालिका २०१४ सालची. गाणं आहे १९७० सालचं, आणि ते ज्या सिनेमातलं आहे तो हा. गाणं घराघरांत राहिलं आणि सिनेमा मागे पडला, अशी ही गत आहे.

दिग्दर्शक राजा ठाकूर. ‘एकटी’, ‘घरकुल’ हे सिनेमेही त्यांचेच. गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडके यांचं, म्हणजे ‘गीतरामायणा’चीच जोडी. गायला आशाताई आणि रामदास कामत. नायक अरुण सरनाईक. ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्री म्हणून ज्यांना ते आठवतात त्यांनी आज जरा डोळे चोळून बघा, इथं त्यांच्याकडे सत्ता सोडाच, बायकोशी दोन शब्द बोलायला कोपरासुद्धा नाही. नायिका सुरेखा. आणि कथा कुणाची? व. पु. काळे यांची.

इथं मला थोडं थांबायचं आहे. वपुंची पुस्तकं आपल्यापैकी निम्म्या घरांत आहेत. ‘पार्टनर’मधली वाक्यं लग्नाआधीच्या पत्रांत उतरवून काढणारे दोन सभासद मला माहीत आहेत, नावं सांगत नाही, त्यांच्या मिसेस समोरच बसल्या आहेत. पण वपु नोकरीनं कोण होते? आर्किटेक्ट. मुंबई महापालिकेत. दिवसभर नकाशे, भिंती, चौरस फूट. आणि उरलेल्या वेळात माणसांच्या गोष्टी. या सिनेमाची कथा अशाच माणसाला सुचणार. भिंत कुठं आहे यापेक्षा ती कुठं नाही, आणि नसल्यामुळे आतल्या माणसांचं काय होतं, हे त्याला दिसलं.

गोष्ट साधी आहे. गावाकडची, ऐसपैस घरात वाढलेली मुलगी. तिला मुंबईचा मुलगा सांगून येतो. मुंबईचा जावई म्हणजे केवढं कौतुक! मुलगा बरा आहे, नोकरी आहे, माणसं चांगली आहेत. सगळं विचारलं जातं, पण घरात खोल्या किती आणि माणसं किती हा हिशेब कुणी मांडत नाही. लग्न होतं, नवरी चाळीत येते, आणि मग कळतं की मुंगीला शिरायला जागा नाही अशा बिऱ्हाडात अख्खं एकत्र कुटुंब नांदतंय आणि नव्या जोडप्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलंय.

आपल्याकडे म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. या दोघांनी लग्न करून पाहिलं, पण घर बांधून पाहण्याची सोयच नाही. सगळी गंमत आणि सगळा त्रास या एवढ्यातून उभा राहतो.

त्या वेळी मुंबईत जागा इतकी दुर्मीळ का होती? मी काही अर्थशास्त्री नाही, टूलरूममधला माणूस. पण एवढं सांगता येईल की १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. आहेत त्या भाडेकरूंना आधार मिळाला, पण नवीन इमारत बांधून ती भाड्यानं देण्यात मालकांना रस उरला नाही. मग आली पागडी. पागडीचे पैसे नसलेल्याचं लग्न झालं तर बायको आणायची कुठं? आईवडील, भाऊ-भावजय जिथं आहेत तिथंच. म्हणजे हा एका कुटुंबाचा विचित्र किस्सा नव्हता, हजारो घरांतली रोजची रात्र होती. योगायोग बघा, १९७० सालीच मुंबईचा भार हलका करायला नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. दोनच वर्षांनी, १९७२ ला, प्राधिकरण. जागेचा प्रश्न सरकारदरबारी कागदावर येत होता तेव्हाच तो पडद्यावर विनोदी सिनेमा होऊन आला होता.

आता विनोदी का म्हणायचं? यात कुणी धपकन पडत नाही, कुणाच्या तोंडाला केक लागत नाही, बाई झालेला पुरुष नाही. या सिनेमात खलनायकच नाही. आपल्या सवयीप्रमाणे आपण वाट बघतो की सासू आता छळेल, जाऊ आता टोमणे मारेल. तसं होत नाही. सगळी मायेची माणसं आहेत, आणि नेमकी तीच आड येतात. दुष्ट माणसावर दार आपटता येतं. मायेनं वागवणाऱ्या माणसांना “जरा बाहेर जाता का” असं कोण म्हणणार? आणि जायचं तरी कुठं त्यांनी? मला तर वाटतं मराठीत इतका सभ्य आणि इतका नेमका विनोद फार थोड्या सिनेमांत आहे. ज्या विषयावर मोठी माणसं चार लोकांत बोलत नाहीत, तोच विषय घेऊन त्यांनी पूर्ण सिनेमा काढला आणि एकही वाक्य असं नाही की आजी-नातवंडांनी एकत्र बघताना कुणाला उठून पाणी प्यायला जावं लागेल.

‘का रे दुरावा’ ऐकताना आज एक करा. नुसतं गाणं म्हणून ऐकू नका, ती जागा लक्षात ठेवून ऐका. नवरा रुसलाय, बायको त्याची समजूत काढतेय. दुसऱ्या कुठल्या सिनेमात हे असतं तर बाग असती, कारंजं असतं, मागे शंभर व्हायोलिनं असती. इथं आशाताईंचा आवाज बघा किती आवरलेला आहे, जवळजवळ कुजबुज. मोठ्यानं गाऊन चालणारच नाही, पलीकडे सगळं घर आहे! बाबूजींनी चाल बांधताना त्या खोलीचं मापच घेतलंय असं मला दर वेळी वाटतं. हे गाणं रेडिओवर हजार वेळा ऐकलं, पण ते इतकं हळू का आहे हे सिनेमा पाहिल्यावर लक्षात येतं. रामदास कामतांचं गाणं याच्या अगदी उलट, मोकळ्या गळ्याचं. नाट्यसंगीतातला माणूस, त्याचा आवाज कसा मावणार खोलीत?

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या चाळीचं आम्हाला काय? आम्ही पिंपरी-चिंचवडचे.

मंडळी, या हॉलमध्ये पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांनी जरा मागे आठवून बघा. कुणी साताऱ्याचं, कुणी लातूरचं, कुणी जळगाव, कुणी कोकणातून आलेलं. पिंपरीत एचए होती, १९५४ पासूनची, तिची कॉलनी होती. ज्यांना कंपनीचं क्वार्टर मिळालं त्यांचं नशीब. बाकीचे आम्ही कासारवाडी, काळेवाडी, थेरगाव, भोसरी. कॉट बेसिस. एका खोलीत सहा कॉट आणि माणसं नऊ. फर्स्ट शिफ्टवाला उठला की थर्ड शिफ्टवाला त्याच गादीवर आडवा. गादी कधी गार होत नसे, हिवाळ्यात तेवढंच सुख. गावाकडं मात्र सांगायचं, “पोरगा पुण्याला असतो, कंपनीत.” आणि मुलगी बघायला गेलं की सासरेबुवांचा प्रश्न एकच, “पर्मनंट आहे का?” टेल्कोत किंवा बजाजला पर्मनंट म्हटलं की पुढचं काही विचारायचंच नाही. खोली किती बाय किती, ते लग्नानंतर नवरीनंच येऊन मोजायचं. मुंबईचा जावई तसा हा पिंपरीचा जावई.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही काळेवाडीत थोरल्या भावाच्या बिऱ्हाडात होतो. एक खोली आणि पुढे पत्र्याचा आडोसा. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई, मी आणि नवी नवरी. आम्ही दोघं स्टोव्हच्या बाजूला. रॉकेलचा वास आला की आजही आमच्या हिला हसू येतं, का ते ती सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही. थोरल्याची थर्ड शिफ्ट लागली की आई आपणहून म्हणायची, “मी आज मुलांना घेऊन देवळात कीर्तनाला जाते, वहिनीलाही नेते.” त्या आठवड्यात काळेवाडीत इतकी कीर्तनं होती का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आईला मात्र सगळं कळत होतं. तिच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द कधी निघाला नाही. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळे हसत होते, मीही हसलो, आणि मधेच मला आईची ती पिशवीत शाल कोंबून निघायची लगबग दिसली.

आपल्या मुलांना वाटतं की आपण जन्मल्यापासून टू-बीएचकेत आहोत. त्यांचा दोष नाही. आपण सांगितलंच नाही. कर्ज कसं काढलं, सोनं कसं मोडलं, प्लॅस्टर ओलं असताना कसे राहायला आलो, हे सगळं आपण सांगतो. या स्मरणिकेतही ते चारपाच लेखांत येईलच. पण एका खोलीत सातजण असताना नवराबायको म्हणून आपण कसे जगलो, ते कोण सांगणार? लाज वाटते. हा सिनेमा ते आपल्या वतीनं सांगतो, हसत हसत. मागच्या रांगेतल्या मंडळींनी एवढ्यासाठी तरी मोबाईल थोडा वेळ बाजूला ठेवावा.

मग इतका चांगला सिनेमा मागे का पडला? मला दिसतात ती कारणं सांगतो. दोनच वर्षांत, १९७२ ला, याच कथेवर हिंदीत ‘पिया का घर’ आला. राजश्रीचा. दिग्दर्शक बासू चटर्जी, जया भादुरी आणि अनिल धवन. रंगीत, आणि वर किशोरकुमारचं गाणं. तोही गोड सिनेमा आहे, वाद नाही. पण मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला होतात तसं इथं उलटंच झालं, धाकट्यानं कपडे घातले आणि लोक थोरल्याला विसरले. आजही “तो चाळीतला सिनेमा” म्हटलं की मराठी माणूससुद्धा जया भादुरीचं नाव घेतो. दुसरं म्हणजे, १९७१ ला दादा कोंडके ‘सोंगाड्या’ घेऊन आले आणि मराठी विनोदी सिनेमाची सगळी हवाच बदलली. मी दादांचा भक्त आहे, पिंपरीला ‘विशाल’ला आणि चिंचवडला ‘जयश्री’ला शिट्ट्या मारलेल्या आहेत. पण त्या जोरदार ढोलकीत असला हळू आवाजाचा सिनेमा ऐकू येईनासा झाला हे खरं.

जागेवरचे सिनेमे पुढेही आले. हिंदीत ‘घरोंदा’, १९७७ चा, फ्लॅटचं बुकिंग बुडाल्यावर प्रेमाचं काय होतं ते दाखवणारा, कडू. आणि आपली ‘बनवाबनवी’ १९८८ ची, तीही मुळात पुण्यात खोली मिळत नाही म्हणूनच घडते ना? बायकांचे वेष काढून ठेवा, खाली शिल्लक राहतो तो भाडेकरूच. पण ‘बनवाबनवी’त मालकीणबाईंना फसवून तरी जागा मिळते. ‘मुंबईचा जावई’त फसवायचं कुणाला? सगळे आपलेच.

एक गोष्ट मात्र तुमच्यासमोर मांडतो. ती सिनेमाबाहेरची आहे असं कुणाला वाटेल, मला वाटत नाही. आपल्या गेटशेजारी, मीटर रूमला लागून दहा बाय आठची खोली आहे. गेल्या दिवाळीपासून तिथं वॉचमन आणि त्याची बायको राहतात. नांदेडकडचं जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. पंप चालू झाला की भिंत थरथरते. कुरिअरवाला, दूधवाला, ओला-उबरवाला, कुणीही आलं की आधी त्यांच्या दारावर थाप. रात्री साडेबाराला गाडी आली की आपण हॉर्न देतो. मागच्या कमिटी मीटिंगमध्ये त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांमुळे गेट वाईट दिसतं यावर बराच वेळ चर्चा झाली. ती खोली पार्सल रूम करावी आणि वॉचमन एजन्सीचा घ्यावा, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. दोन्ही बाजूंचे मुद्दे आहेत, पार्सलं खरंच गहाळ होतात. माझं मत मी सभेत देईन, हा मंच त्याचा नाही. फक्त ती दोघंही आज सिनेमा बघायला आली आहेत, शेवटच्या खुर्च्यांवर, आणि मी त्यांना विचारूनच हे बोलतोय. गेट तासाभरासाठी सी विंगची पोरं आळीपाळीनं सांभाळणार आहेत. तासाभरासाठी म्हणालो, सिनेमा त्याहून मोठा आहे, पोरांनी लक्षात ठेवावं.

बघताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. सुनेकडे. तो काळ असा होता की सिनेमातली सून एक तर सोशिक तरी असे नाही तर कजाग. ही दोन्ही नाही. तिला अडचण आहे, तिला ती कळते, आणि ती चिडते, रुसते, हसते. मोठ्या घरातून आली म्हणून तिला नावं ठेवलेली नाहीत, आणि चाळीला शरण गेली म्हणून देवीही केलेली नाही. आमच्या हिचं मत जरा वेगळं आहे. ती म्हणते, “सिनेमा पुरुषांनी काढलाय. त्या मुलीला आंघोळीची अडचण किती झाली असेल ते कुठं दाखवलंय?” मला उत्तर देता आलं नाही. बरोबर आहे तिचं. तुम्हीही बघून सांगा, मध्यंतरात महिला मंडळाचं मत मला ऐकायचं आहे.

शेवट काय होतो ते मी सांगणार नाही. माहेरच्या माणसाला लेकीचं हे घर डोळ्यांनी बघितल्यावर काय वाटेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. आजच्या मानानं शेवट थोडा गोड वाटेल काहींना. मला तो पटतो का? अर्धा. माणसं सरकून घेतात तेव्हा जागा होते हे मी माझ्या आईमुळे मानतो. पण सरकायचं किती आणि दर वेळी कुणी, हा हिशेब सिनेमा करत नाही. हसवणाऱ्या सिनेमानं इतका प्रश्न मनात ठेवला तरी पुष्कळ झालं.

बाकी सूचना. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे, प्रोजेक्टर बिघडलेला नाही, कुणी उठून वायरी हलवू नयेत. प्रिंट जुनी आहे, मधेमधे खरखर येईल. ज्येष्ठ नागरिकांसाठी पुढच्या दोन रांगा ठेवल्या आहेत, तिथं बसलेल्या बी विंगच्या बाळगोपाळांनी सतरंजीवर यावं, सरकून घ्या, सगळे मावतात. मध्यंतरात चहा आणि मिसळ, पैसे भरलेले आहेत, खजिनदारांकडे बघून कमी खाऊ नका.

आणि ‘का रे दुरावा’ लागलं की सगळ्यांनी मिळून म्हणायला सुरुवात करू नका. निदान पहिलं कडवं तरी आशाताईंना हळू आवाजात गाऊ द्या. चला, तेवढी खिडकी लावून घ्या, पडद्यावर उजेड येतोय.